हत्ती मेला तरी सव्वा लाखाचा?

समभागांत पैसा गुंतविण्याच्या अनेक पद्धतींपैकी 'मूल्याधिष्ठित गुंतवणूक' ही अभ्यासू माणसाची पद्धत मानली जाते. कंपनीचे खरे मूल्य किती, हे आधी ठरवावे आणि बाजारातील भाव त्याहून पुरेसा खाली असेल तरच समभाग घ्यावा, हे तिचे सूत्र. पूर्वी हा विषय दलाल आणि सनदी लेखापाल यांच्यापुरता मर्यादित होता. आता निवृत्त शिक्षक, छोटे व्यापारी आणि नोकरदार तरुण एकत्र बसून कंपन्यांच्या ताळेबंदांवर चर्चा करताना दिसतात. बचतीच्या संस्कारात वाढलेल्या आपल्या समाजाने ताळेबंद वाचावयास शिकावे, ही गोष्ट निःसंशय स्वागतार्ह आहे.

परंतु या चर्चांमध्ये एक युक्तिवाद पुनःपुन्हा ऐकू येतो. "कंपनीचा धंदा मंद असेल, पण तिची नुसती जमीन विकली तरी भावाच्या दुप्पट पैसे येतील!" हत्ती मेला तरी सव्वा लाखाचा, ही म्हण येथे गुंतवणुकीचे तत्त्वज्ञान बनते. हा युक्तिवाद ऐकून मुदत ठेव मोडावी काय, अशी विचारणा शाखेत होते, तेव्हा विचारणारी व्यक्ती बहुधा नुकतीच निवृत्त झालेली असते आणि तो पैसा तिच्या उर्वरित आयुष्याचा असतो. म्हणून या युक्तिवादाची परीक्षा करणे आवश्यक वाटते.

हुगळीकाठचा धडा

नोकरीनिमित्त बराकपूर येथे राहणाऱ्या माणसाला या परीक्षेसाठी दूर जावे लागत नाही. सियालदहहून निघणाऱ्या लोकल गाडीने खडदह, टिटागढ, बराकपूर, श्यामनगर, जगद्दल, नैहाटी अशी स्थानके घेत गेले की नदीच्या बाजूस ज्यूट गिरण्यांची रांग लागते. हुगळीच्या पलीकडच्या तीरावर रिश्रा येथे 1855 साली पहिली गिरणी सुरू झाली आणि पुढील काही दशकांत दोन्ही काठ गिरण्यांनी भरून गेले. पहिल्या महायुद्धात खंदकांसाठी वाळूची पोती लागली, तेव्हा या कंपन्यांनी अमाप नफा मिळविला. 1908 साली स्थापन झालेल्या कलकत्ता शेअर बाजारात ज्यूटचे समभाग हे प्रतिष्ठेचे धन होते.

1947 च्या फाळणीत गिरण्या इकडे राहिल्या आणि उत्तम ताग पिकविणारी बरीचशी शेते पूर्व बंगालमध्ये गेली. पुढे कृत्रिम धाग्यांच्या स्वस्त पिशव्या आल्या. 1987 च्या कायद्याने धान्यासाठी ज्यूटची पोती सक्तीची झाली, त्यामुळे उद्योग तगला; पण मुख्य ग्राहक सरकार आणि पोत्याचा दरही सरकारच ठरविणार, अशी त्याची स्थिती झाली. ज्याला आपल्या मालाचा दर ठरविता येत नाही, त्याचा नफा दुसऱ्याच्या हाती असतो.

1980 साली केंद्र सरकारने आजारी ज्यूट कंपन्या ताब्यात घेऊन नॅशनल ज्यूट मॅन्युफॅक्चर्स कॉर्पोरेशन स्थापन केले. तिच्या सहा गिरण्यांपैकी टिटागढची किनिसन, खडदहची खडदह आणि जगद्दलची अलेक्झांड्रा या तीन याच पट्ट्यातल्या. नदीकाठची विस्तीर्ण जागा, रेल्वेची जवळीक, महानगराचा शेजार, सारे काही होते. तरीही ऑक्टोबर 2018 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने हे महामंडळ बंद करण्यास मंजुरी दिली. जमीन होती तिथेच होती; पण अडतीस वर्षांत ती धंद्याला वाचवू शकली नाही.

तारण आणि परतफेड

कर्ज विभागात काम करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला आरंभीच एक गोष्ट शिकविली जाते : कर्ज तारणातून नव्हे, उत्पन्नातून फिटते. तारण हा अडचणीच्या वेळचा आधार आहे, परतफेडीचा मार्ग नव्हे. अर्जदाराची जमीन कितीही मोलाची असली, तरी त्याच्या व्यवसायातून हप्ता निघत नसेल, तर ते कर्ज देऊ नये. कारण तारण विकावयाचे म्हणजे नोटिसा, न्यायालये, लिलाव आणि वर्षे.

समभाग घेणाऱ्याची स्थिती तर बँकेहूनही नाजूक असते. बँकेकडे निदान गहाणखत असते. समभागधारक रांगेत सर्वांत शेवटी उभा असतो. 2016 च्या नादारी व दिवाळखोरी संहितेनुसार कंपनीची मालमत्ता विकली गेल्यास प्रथम प्रक्रियेचा खर्च, त्यानंतर कामगारांची चोवीस महिन्यांची देणी आणि तारणधारक धनको, मग इतर कर्मचाऱ्यांचे वेतन, विनातारण वित्तीय धनको, सरकारी देणी, उरलेली देणी, अग्रहक्क भागधारक आणि सर्वांत शेवटी समभागधारक असा क्रम आहे. कामगारांचा भविष्य निर्वाह निधी व ग्रॅच्युइटी तर या वाटपाच्या बाहेर, सुरक्षित ठेवावयाची असते. श्रम करणाऱ्याचा हक्क आधी असणे न्याय्यच आहे. मात्र 'जमीन विकली तर' असे म्हणणाऱ्याने ही रांग डोळ्यांसमोर ठेवावी.

ग्रॅहम यांचे म्हणणे

या चर्चांत आधार घेतला जातो तो बेंजामिन ग्रॅहम यांचा. डेव्हिड डॉड यांच्यासह 1934 साली आणि पुढे स्वतंत्रपणे 1949 साली लिहिलेल्या ग्रंथांतून त्यांनी या पद्धतीचा पाया घातला. मालमत्तेपेक्षा कमी भावात मिळणारे समभाग घ्यावेत, असे त्यांनी सांगितले, हे खरे. परंतु त्यांची कसोटी कोणती होती? रोकड, येणी आणि मालाचा साठा ही चल मालमत्ता घ्यावी, तीतून सर्व देणी वजा करावीत आणि उरलेल्या रकमेच्या दोनतृतीयांशाहून कमी भाव असेल तर विचार करावा. जमीन, इमारती आणि यंत्रे यांची किंमत त्यांनी या हिशेबात धरलीच नव्हती! शिवाय असे समभाग एकदोन नव्हे, पुष्कळ घ्यावेत, म्हणजे काही बुडाले तरी एकूण हिशेब जमेल, अशी त्यांची अट होती. जमिनीच्या भरवशावर एकाच कंपनीत सारी पुंजी घालणाऱ्याने ग्रॅहम यांचे नाव घेऊ नये, हे बरे.

त्यांचे विख्यात शिष्य वॉरन बफे यांनाही हा धडा गिरणीनेच शिकविला. अमेरिकेतील बर्कशायर हॅथवे या कापडगिरणीचे समभाग ते 1962 पासून सुमारे साडेसात डॉलरला घेऊ लागले, कारण मालमत्तेच्या मानाने भाव फारच कमी होता. 1965 साली कंपनी त्यांच्या ताब्यात आली आणि 1985 साली त्यांनी कापडाचा धंदा बंद केला. त्या वर्षी भागधारकांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी हिशेब मांडला आहे. सुमारे 1 कोटी 30 लाख डॉलरला घेतलेल्या यंत्रांचे पुस्तकी मूल्य 8 लाख 66 हजार डॉलर राहिले होते. लिलावात हाती आले 1 लाख 63 हजार. 1981 साली प्रत्येकी पाच हजार डॉलरला घेतलेले माग शेवटी 26 डॉलरला भंगारात गेले. पुस्तकी मूल्य आणि हाती पडणारा पैसा यांतील अंतर याहून स्पष्ट कोणी दाखविलेले नाही.

मुंबईचा प्रतिवाद आणि काळाचे गणित

यावर मराठी वाचक मुंबईच्या गिरणगावाकडे बोट दाखवील. तेथे गिरण्यांच्या जमिनींचे सोने झाले नाही काय? झाले. 2005 साली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने आपल्या पाच गिरण्यांच्या जमिनी कोट्यवधी रुपयांना विकल्या. परंतु त्या गिरण्या सरकारी मालकीच्या होत्या. मूळ समभागधारकांचा त्या पैशावर हक्क उरला नव्हता. शिवाय 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपापासून मोजले, तर मध्ये तेवीस वर्षे गेली होती.

तेवीस वर्षांचा अर्थ पाहू. शंभर रुपयांची वस्तू पन्नास रुपयांना मिळाली आणि तिचे पुरे मोल तीन वर्षांत वसूल झाले, तर वार्षिक परतावा सुमारे 26 टक्के पडतो. तेच पाच वर्षांनी झाले, तर 15 टक्क्यांच्या थोडा खाली. दहा वर्षे लागली, तर 7 टक्क्यांच्या थोडा वर. आणि तेवीस वर्षे लागली, तर फक्त 3 टक्के! निम्म्या भावात घेऊनही ही गत. किती स्वस्त घेतले, याइतकाच मूल्य केव्हा हाती येणार, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. आणि चर्चेत नेमका तोच विचारला जात नाही.

अमळनेरचा अनुभव

आता दुसरी बाजू. डिसेंबर 1945 मध्ये खान्देशातील अमळनेर येथे 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' या नावाने वनस्पती तुपाची कंपनी निघाली. गावातील अनेक कुटुंबांनी तिचे समभाग घेतले. 1966 साली संस्थापकांचे निधन झाले आणि एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी शिक्षण अर्धवट टाकून अमेरिकेतून परतले. तेल आणि साबणाच्या धंद्यातून निघालेला पैसा पुढे संगणकाच्या व्यवसायात गेला आणि त्या छोट्या कंपनीची 'विप्रो' झाली. समभाग जपून ठेवणाऱ्या अमळनेरकर कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्या लाभांश आणि बक्षीस समभाग मिळत राहिले.

या कंपनीचे मोल अमळनेरच्या जमिनीत नव्हते. ते होते धंद्यातून येणाऱ्या नफ्यात, आणि तो नफा अधिक चांगल्या जागी नेण्याच्या व्यवस्थापनाच्या बुद्धीत. हुगळीकाठीही हे घडले आहे. 1919 साली ज्यूट कंपनी म्हणून स्थापन झालेली बिर्ला ज्यूट पुढे सिमेंटकडे वळली आणि आज बिर्ला कॉर्पोरेशन या नावाने प्रामुख्याने सिमेंट कंपनी म्हणूनच ओळखली जाते. बफे यांनीही गिरणीतून निघालेला पैसा विमा व्यवसायात वळविला. जुना धंदा असणे हा दोष नव्हे. जुन्या धंद्यातच पैसा कोंडून ठेवणे हा दोष होय.

मात्र अमळनेरच्या कथेचाही भाबडा अर्थ काढू नये. त्याच काळात इतर गावांत जपून ठेवलेली कितीतरी समभागपत्रे आज रद्दी झाली आहेत. त्यांच्या कथा कोणी सांगत नाही. आणि फेब्रुवारी 2000 मध्ये, संगणक कंपन्यांच्या लाटेच्या शिखरावर, ज्यांनी हाच विप्रोचा समभाग घेतला, त्यांनी पुढील दीडदोन वर्षांत त्याचा भाव शिखराच्या लहानशा अंशावर आलेला पाहिला. कंपनी तीच, व्यवस्थापन तेच. चुकला तो भाव. म्हणजे वाईट धंदा स्वस्तात घेऊ नये, तसा चांगला धंदा वाटेल त्या भावात घेऊ नये.

चर्चा कशी असावी?

बंगालमध्ये 'अड्डा' आणि आपल्याकडे 'कट्टा' ही संस्था फार जुनी आहे. तेथे गुंतवणुकीची चर्चा होते, यात गैर काही नाही. पण त्या चर्चेत कंपनीच्या नावाआधी चार प्रश्न विचारले जावेत, असे मला आग्रहाने वाटते. गेल्या दहा वर्षांत या धंद्यातून प्रत्यक्ष रोकड किती आली? ती रोकड व्यवस्थापनाने कोठे वापरली? मालमत्तेवर माझ्याआधी कोणाकोणाचा हक्क आहे? आणि मी मानतो ते मूल्य माझ्या हाती किती वर्षांत, कोणत्या मार्गाने येणार? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे बहुतांशी वार्षिक अहवालात सापडतात. चौथ्याचे उत्तर 'केव्हा ना केव्हा' असे असेल, तर ती गुंतवणूक नव्हे, प्रतीक्षा आहे.

चर्चेत जो फक्त कंपनीचे नाव सांगतो, त्याच्यापेक्षा जो आकडा विचारतो, तो आपला खरा मित्र. आणि जो शुल्क घेऊन सल्ला देतो, त्याची 'सेबी'कडे गुंतवणूक सल्लागार म्हणून नोंदणी आहे काय, हे विचारण्यात संकोच करू नये. 2013 पासून त्यासाठी स्वतंत्र नियम अस्तित्वात आहेत.

मुदत ठेवीचे व्याज महागाईपुढे तोकडे पडते, ही ग्राहकांची तक्रार मला मान्य आहे. आणि बँकेचा अधिकारी ठेवीचीच बाजू घेणार, हा आक्षेपही मी समजू शकतो. म्हणून समभागांत पैसा घालूच नये, असे मी म्हणणार नाही. दोनतीन वर्षांचा घरखर्च, औषधपाणी आणि ठरलेली कार्ये यांची सोय वेगळी करून उरलेल्या पैशातून अभ्यासपूर्वक, थोडे थोडे समभाग अवश्य घ्यावेत. परंतु ज्या पैशावर उद्याची चूल पेटावयाची आहे, तो बंद गिरणीच्या जमिनीवर लावू नये. हत्ती मेल्यावर सव्वा लाखाचा ठरतोही. पण ते सव्वा लाख समभागधारकाच्या हाती पडतीलच असे नाही. जिवंत, काम करणारा आणि वाजवी भावात मिळणारा हत्ती शोधावा, हेच मूल्याधिष्ठित गुंतवणुकीचे सार होय.