सोसले म्हणून मुदत संपली?

गोव्यातल्या एका सरकारी परिचारिकेचे १९९३ मध्ये पित्ताशयाचे ऑपरेशन झाले. पुढे नऊ वर्षे ती वेदनाशामक गोळ्या गिळत नोकरी करीत राहिली. २००२ मध्ये पोटात गॉज सापडले. २००४ मध्ये तिने राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे तक्रार केली. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मुदतबाह्य म्हणून फेटाळली. निष्काळजीपणा झाला की नाही, याचा निवाडा झालाच नाही.

लपलेली इजा कळल्यापासून, किंवा योग्य दक्षता घेतल्यास कळू शकली असती तेव्हापासून, मुदत मोजावी हे तत्त्व न्यायालयाला मान्य होते. पण अनुभवी परिचारिका असून दुखत असताना ती त्या डॉक्टरांकडे का गेली नाही, हा ठपका तिच्यावरच!

मैत्रिणींनो, दुखणे अंगावर काढायला आपल्याला शिकवले कोणी? बाईने कण्हले तर ती नाटकी, आणि सोसले तर बेफिकीर. जाणत्या परिचारिकेची ही गत, तर कोपीवरच्या ऊसतोड बाईने 'योग्य दक्षता' कुठून आणायची?

२०१९ च्या ग्राहक कायद्यातही मुदत दोनच वर्षे आहे. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण कारण सबळ की नाही हे ठरवणार आयोग. शिवाय दाखल रुग्णांचे कागद जपण्याचे डॉक्टरांवरचे बंधन तीनच वर्षांचे. मागितल्यास ते ७२ तासांत द्यावे लागतात, तेव्हा घरी येण्याआधीच मागून घ्या. आणि मुदत इजा प्रत्यक्ष कळली त्या दिवसापासूनच मोजावी, असे कायद्यात स्पष्ट लिहा, ही मागणी आपल्या प्रत्येक आरोग्य शिबिरातून पुढे गेली पाहिजे.