मऊ सीटचा मोह

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर सुमारे १४० किलोमीटर. बहिणीकडे जायला मी अजून मोटारसायकलच काढतो. मुलगा म्हणतो, "बाबा, आता एसटीने जात जा." त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. अहमदपूर येईपर्यंत माझे पाय बधिर व्हायचे, आणि बधिर पायाने ब्रेक वेळेवर लागत नाही.

म्हणून सीट बदलली. दुकानात अंगठ्याने दाबून पाहिली, लोण्यासारखी मऊ! लोह्यापर्यंत राजेशाही थाट, पुढे फोम दबला आणि सगळा भार बैठकीच्या दोन हाडांवर आला.

शेवटी गादीवाल्याकडून जुन्याच सीटवर घट्ट फोम बसवून घेतला. मागे रुंद, पुढे अरुंद, टाकीकडे उतार नाही. रेक्झिन फिकट रंगाचं, कारण आपल्याकडच्या उन्हात काळं रेक्झिन तव्यासारखं तापतं.

माझं मत विचाराल तर सीट अंगठ्याने नव्हे, तासभर बसून पारखावी. आणि ती कितीही चांगली असली तरी अहमदपूरला उतरून चहा घ्यावाच. ज्या दिवशी या सीटवरही पाय बधिर होतील, त्या दिवशी मुलाचं ऐकून एसटी. असो.