लस येईल तेव्हा येईल, तपासणी आजच करा



महिला मंडळाच्या बैठकीत गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाचा विषय निघाला की एक प्रश्न हटकून येतो : "लस निघाली आहे ना? मग जिच्या तपासणीत दोष निघाला, तिने तीच टोचून घेतली तर चालणार नाही का?" प्रश्न रास्त आहे. पण लसीच्या भरवशावर उपचार लांबवणे जिवावर बेतू शकते, म्हणून उत्तर नीट समजून घ्यावे.

हा रोग एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो, हे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउसेन यांनी दाखवले. त्यासाठी त्यांना २००८ साली नोबेल मिळाले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२३ साली आणलेली लस या विषाणूला दाराशीच अडवते. म्हणून ती मुख्यतः ९ ते १४ वर्षांच्या मुलींना द्यायची. आत शिरून बसलेल्या विषाणूला ती बाहेर काढत नाही.

त्याच्यासाठी निराळी, औषधी लस शोधली जात आहे. विषाणूची ई-६ आणि ई-७ ही दोन प्रथिने पेशीच्या वाढीवरचा लगाम सोडवतात. या प्रथिनांचा नमुना असलेला डीएनएचा तुकडा स्नायूत टोचायचा आणि लगोलग विजेचा बारीक झटका द्यायचा, म्हणजे तो पेशींत शिरतो. तो नमुना पाहून शरीराचे पहारेकरी रोगट पेशी ओळखायला शिकतात. (करोनाच्या काळात, २०२१ साली, अहमदाबादच्या झायडसच्या डीएनए लसीला मंजुरी मिळाली होती. मूळ तत्त्व तेच, काम वेगळे.)

अशा एका लसीच्या चाचणीचा निकाल २०१५ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. कर्करोगाच्या आधीची अवस्था असलेल्या १०७ स्त्रियांपैकी ५३ जणींचा दोष ओसरला, म्हणजे जवळजवळ निम्म्या! पण आम्ही पडलो कारकून. एक आकडा दिसला की शेजारचा रकाना पाहतो. ज्यांना नुसतेच खोटे इंजेक्शन दिले, त्या ३६ पैकी ११ जणींचाही दोष आपोआप ओसरला होता. म्हणजे लसीची खरी कमाई शेकडा १९ च्या आसपास. पुढे २०२३ साली एका मोठ्या चाचणीत तिला मुख्य उद्दिष्ट गाठता आले नाही आणि कंपनीने अमेरिकेत या विकारासाठी पुढे जाणे थांबवले. इतर ठिकाणी शोध चालू आहे, आणि तो चालावा. विजेच्या तारेने रोगट भाग काढल्यावर पुढे अपुऱ्या दिवसांची प्रसूती होण्याचा धोका थोडा वाढतो, त्यामुळे तरुण स्त्रियांना न कापता बरे करणारे औषध हवेच आहे.

पण आज हाती काय आहे? तो भाग गोठवणे किंवा काढणे. बहुधा त्याच दिवशी घरी येता येते. त्याआधी तपासणी हवी. टाटा स्मारक रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय यांच्या कामातून तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या स्त्रियांची पाहणी झाली. २००९ साली निकाल आला. एकदाच एचपीव्ही तपासणी केलेल्या ३४ हजारांच्या गटात या रोगाने ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या ३१ हजारांच्या गटात ६४. या बायका शेतात राबणाऱ्या, आपल्याच गावाकडच्या होत्या.

आणखी एक. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, एवढे ऐकून घरोघरी बाईच्या चारित्र्याची चौकशी सुरू होते. भावांनो, संसार करणाऱ्या बहुतेक स्त्रीपुरुषांना तो कधी ना कधी होऊन जातो आणि बहुतेकांचा आपोआप जातो. तिच्यावर संशय घेण्याऐवजी तिच्यासोबत दवाखान्यात जा.

भगिनींनो, तिशी उलटली असेल तर पाळी नसलेल्या दिवशी सरकारी रुग्णालयात जा. तपासणीचा कागद मागून घ्या. दोष निघाला तर पुढची तारीख त्याच दिवशी ठरवून या.