कॉलेजच्या रेडिओवर गावाचाही हक्क आहे



आमच्या तालुक्याच्या गावी कॉलेजच्या गच्चीवर एक उंच मनोरा उभा आहे. बाजाराला येणारे बहुतेक जण तो मोबाइलचा टॉवर समजतात. पण तो मोबाइलचा नव्हे. कॉलेजची मुलं-मुली तिथून रेडिओ केंद्र चालवतात. बोलणारी तीच, मुलाखती घेणारी तीच आणि यंत्रावर बसणारीही तीच. आवाज साधारण दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत पोचतो, म्हणजे आसपासच्या बऱ्याच गावांत तो ऐकू येतो. प्रश्न एवढाच, की ऐकतो कोण?

ही केंद्रे आली कुठून, ते आधी सांगतो. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे. त्यानंतर २००२ च्या अखेरीस केंद्र सरकारने शिक्षणसंस्थांना लहान रेडिओ केंद्रे काढण्याची मुभा दिली. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र १ फेब्रुवारी २००४ रोजी सुरू झाले. या प्रकारचे देशातले ते पहिले. आपल्याकडे पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' आणि बारामतीची 'वसुंधरा वाहिनी' ही नावे पुष्कळांनी ऐकली असतील. २००६ पासून स्वयंसेवी संस्था, कृषी विद्यापीठे आणि कृषी विज्ञान केंद्रे यांनाही परवानगी मिळू लागली.

यातली एक अट आपण लक्षात ठेवली पाहिजे. निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने, शक्यतो त्यांच्याच बोलीत व्हावेत, असा नियम आहे. म्हणजे हा रेडिओ जितका कॉलेजचा, तितकाच आवाजाच्या टप्प्यात येणाऱ्या गावांचाही आहे. हा हक्क आपण मागितला नाही, म्हणून तो कोणी दिला नाही.

माझा अनुभव सांगतो. दोन वर्षांपूर्वी मला एका केंद्रावर बोलायला बोलावले. मी ऑफिसातून कागद लिहून नेला आणि 'एकात्मिक कीड व्यवस्थापन' असे वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या वर्षाला शिकणारी मुलगी समोर बसली होती. तिने मला थांबवले आणि म्हणाली, "सर, हे माझ्या आजीला कळणार नाही. तुम्ही बांधावर सांगता तसं सांगा ना." मला राग आला खरा. पण पोरीचं म्हणणं बरोबर होतं. कागद बाजूला ठेवला आणि बोललो. पुढच्या आठवड्यात एका गावात सालगड्याने मला ओळखले, तेही आवाजावरून!

त्या दिवशी मी फवारणीवर बोललो होतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या विषबाधेने किमान वीस शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. डब्यावर लाल त्रिकोण असला की सर्वात जहाल विष, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नये, उपाशीपोटी फवारू नये, काम झाल्यावर साबणाने अंघोळ करावी. हे सगळे माहितीपत्रकात छापलेले असते. पण ज्याच्या पाठीवर पंप असतो, त्याला पुष्कळदा वाचता येत नाही. ऐकता मात्र येते.

आता तक्रारही सांगतो. एप्रिल-मेमध्ये परीक्षा आणि मग सुट्टी. मुलं घरी गेली, की त्या केंद्रावर दिवसभर जुनी गाणी लागतात. आणि आपला हंगाम तर तेव्हाच तोंडावर येतो! घरचे सोयाबीन बियाणे तपासायचे ते मे महिन्यात. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवायचे, गोणपाट वाळू द्यायचे नाही आणि आठवडाभराने मोजायचे. सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणे चांगले. एवढी साधी गोष्ट सांगायला माझ्या वाट्याला अकरा गावे आहेत आणि पाय दोनच.

पण सगळा दोष मुलांवर टाकणे बरे नव्हे. शेतीचे पंचांग त्यांना कोणी सांगितले? गावातून तिथे कोण गेले?

जुना दाखला बघा. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळे काढली होती. लोक एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, चर्चा करत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवत. नुसते ऐकून फारसे काही हलत नाही, ऐकून चार माणसे बोलली म्हणजे काम होते, हा त्या प्रयोगाचा धडा. आज तर केंद्र आपल्या तालुक्यातच आहे.

काही जण म्हणतील, मोबाइल हातात असताना रेडिओ कशाला? खरे आहे, माहिती मोबाइलवर ढीगभर येते. पण कुठला औषधाचा डोस कोणी लिहिला, त्याचा पत्ता नसतो. इथे बोलणारी मुलगी शेजारच्या गावची असते. चूक झाली तर जाऊन विचारता येते. शिवाय फवारताना, निंदताना हात मोकळे नसतात, कान असतात.

म्हणून माझी सूचना अशी. १ मेच्या ग्रामसभेत तीन गोष्टी ठरवा. एक, आठवड्यातला एक ठरलेला अर्धा तास शेतीसाठी द्यावा, असे पत्र ग्रामपंचायतीने कॉलेजला द्यावे आणि सुट्टीतही तो चालू ठेवण्यासाठी गावातली दोन मुलं-मुली तयार करून द्यावीत. दोन, पारावर किंवा समाजमंदिरात दहा-बारा जणांचे श्रोतामंडळ बसवावे आणि त्यात बायका व मजूर असावेत. तीन, आमच्यासारख्या अधिकाऱ्यांनी तिथे परिपत्रके वाचू नयेत, मुलांनीच बांधावर येऊन शेतकऱ्याचा आवाज घ्यावा. या केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. पण हवामान, पाणी, वीज, आरोग्य यांच्या सूचना देता येतात. गावाला रोज लागते ते हेच.

पत्र लिहायला कोणी नसेल तर मला हाक मारा, मी मजकूर सांगतो. पण सही सरपंचाची हवी आणि पहिला आवाज शेतकऱ्याचा हवा.