बुऱ्हाणपूरचा हमामखाना आणि माझी किट लेन्स

"अजून किट लेन्सच वापरता?" हा प्रश्न मला गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा विचारला गेला आहे, की आता तो मला "अजून भाड्याच्याच घरात राहता?" असा ऐकू येतो. विचारणाऱ्याच्या गळ्यात दोन किलोचा कॅमेरा लटकत असतो आणि चेहऱ्यावर आपल्याविषयीची करुणा. आमच्याकडच्या एका छायाचित्र मंडळात तर एका ज्येष्ठ सभासदाने माझा फोटो पडद्यावर आल्या आल्या, फोटोकडे न बघता, "लेन्स कुठली?" असे विचारले. मी सांगितली. "मग बरोबर," ते म्हणाले आणि पुढच्या फोटोकडे वळले.

ज्यांना या भानगडीतले काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. डीएसएलआर कॅमेरा विकत घेतला की खोक्यात त्याच्यासोबत एक लेन्स येते, बहुधा १८-५५ मिलिमीटरची. तीच किट लेन्स. तिचे तोंड (शास्त्रीय भाषेत अ‍ॅपर्चर) १८ ला एफ ३.५ पर्यंत उघडते आणि ५५ ला जेमतेम एफ ५.६ पर्यंत. आकडा जितका लहान तितके तोंड मोठे आणि उजेड जास्त. म्हणजे आमची लेन्स तोंड फारसे न उघडणारी, गरीब गाय. तिच्या जागी कंपनीची एफ २.८ ची झूम घ्या म्हणतात. ती घ्यायची तर लाखाच्या वर मोजावे लागतात. कारकुनाचे किती पगार होतात ते तुम्हीच बघा.

हा झाला एक पंथ. दुसरा पंथ संतांचा. "कॅमेरा काय करतो हो, फोटो डोळ्याने काढायचा असतो!" ऐकायला छान वाटते. पण हे सांगणाऱ्या बहुतेकांच्या कपाटात चार महागड्या लेन्स असतात, हे मी पाहिले आहे. भरल्या पोटी उपासाचे महत्त्व सांगण्यातला हा प्रकार.

माझे भांडण या दोन्ही पंथांशी आहे, आणि भांडणाचा पुरावा मला आमच्या गोव्यात नव्हे, तर थेट बुऱ्हाणपुरात मिळाला.

झाले असे. आमचे एक शेजारी मूळचे रावेरचे. २०२२ च्या डिसेंबरात त्यांच्या मुलीचे लग्न तिथे होते. गोवा एक्स्प्रेसने भुसावळ गाठले, तिथून रावेर. लग्न आटोपल्यावर एक दिवस मोकळा होता. रावेरहून बुऱ्हाणपूर अगदी जवळ. केळीच्या बागा दोन्हीकडे सारख्याच, मध्ये फक्त राज्याची सीमा. १६८१ च्या जानेवारीअखेर संभाजीराजांच्या फौजेने लुटलेले, म्हणून शाळेपासून नाव ऐकलेले हे शहर. म्हटले, बघून येऊ.

तापीच्या काठावर तिथला शाही किल्ला आहे. त्यात हमामखाना, म्हणजे शाही न्हाणीघर. शाहजहानची बेगम मुमताज महल याच शहरात १७ जून १६३१ रोजी बाळंतपणात वारली. पलीकडच्या काठावर आहुखान्यात तिला आधी दफन केले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात आग्र्याला नेले. हमामखान्याच्या छतावर रंगीत नक्षी अजून शिल्लक आहे. तिथले वाटाडे एका चित्राकडे बोट दाखवून "ताजमहालाचे मूळ हेच" असे सांगतात. त्या वादात मी पडत नाही. मला दिसले ते एवढेच, की छत विलक्षण सुंदर आहे आणि आत काळोख आहे.

कॅमेरा डोळ्याला लावला. एफ ३.५, शटर १/४ सेकंद. फोटो हलला. आयएसओ वाढवला, तर नक्षीवर रवा सांडल्यासारखे दाणे. ट्रायपॉड नव्हता, आणि असता तरी पुरातत्त्व खात्याच्या स्मारकात तो लावायला परवानगी लागते. त्या क्षणी मलाही मंडळातले ते ज्येष्ठ आठवले. "मग बरोबर."

पण आदल्याच तासाला मी कुंडी भंडारा पाहून आलो होतो. रहीम, म्हणजे तोच दोहे लिहिणारा अब्दुल रहीम खानखाना, सुभेदार असताना १६१५ च्या सुमारास या शहरासाठी जमिनीखालून पाण्याची योजना झाली. सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी भुयारात गोळा करायचे आणि उताराने विहिरीमागून विहिरीत नेत गावापर्यंत आणायचे. पंप नाही, रहाट नाही. थेंबाथेंबाने जमवायचे, एवढेच. मनात आले, पाणी असे जमवता येते तर उजेड का नाही?

मी कॅमेरा सरळ जमिनीवर उताणा ठेवला, तोंड छताकडे. झूम १८ वर, अ‍ॅपर्चर एफ ८, आयएसओ १००, लेन्सचे कंपन रोखणारे बटण बंद, टायमर दहा सेकंदांचा. बटण दाबून बाजूला झालो. शटर सहा सेकंद उघडे राहिले. पहारेकरी धावत आला, "साहब, कैमरा गिर गया क्या?" म्हणून. त्याला पडद्यावर फोटो दाखवला. त्याने मान वर करून छताकडे पाहिले, पुन्हा फोटोकडे पाहिले. छतावरची फूलपाने त्याला फोटोत जास्त स्पष्ट दिसत होती. लेन्स तीच, खोक्यातली.

संतपंथी म्हणतील, "बघा, आम्ही सांगत होतो!" थांबा जरा. दिवस अजून संपलेला नाही.

बुऱ्हाणपूर हे यंत्रमागांचे गाव. दुपारी शेजाऱ्यांच्या ओळखीने एका मागाच्या खोलीत गेलो. आत एकच ट्यूबलाइट, वर कापसाची धूळ, आवाज इतका की शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येऊ नये. एक वयस्कर विणकर तुटलेला धागा जोडत होता. त्याच्या बोटांची ती चपळाई मला हवी होती. झूम ३५ च्या आसपास, तिथे लेन्स एफ ४.५ च्या वर काही उघडेना. आयएसओ ३२०० वर शटर १/१५ सेकंद. चाळीस फोटो काढले. चाळीसही फोटोंत माग स्वच्छ आणि बोटांच्या जागी धूर. इथे कॅमेरा जमिनीवर ठेवून काय उपयोग? कॅमेरा हलतच नव्हता, हलत होता तो माणूस. डोळा माझा तोच होता, जो सकाळी हमामखान्यात होता. त्या डोळ्याने इथे काय केले?

तर मंडळी, सांगायचा मुद्दा हा. लेन्स चांगली की वाईट, हा प्रश्नच चुकीचा आहे. प्रश्न असा विचारावा, की समोरचे हलते आहे की नाही? जे स्थिर आहे त्याच्यासाठी उजेड वेळ देऊन जमवता येतो, आणि वेळ फुकट मिळतो. जे हलते त्याच्यासाठी वेळ नसतो, तिथे तोंड मोठे लागते, आणि त्याला पैसे पडतात. हल्लीच्या बहुतेक किट लेन्समध्ये कंपनरोधक यंत्रणा असते. ती आपला थरथरता हात सावरते, विणकराचा नाही. मोबाइलच्या नाइट मोडचेही तेच. तो भराभर अनेक फोटो काढून एकावर एक बसवतो. देऊळ झकास येते, देवळासमोर नाचणारी पोर भुतासारखी येते.

आणि पैसे पडतात म्हणजे किती? इथेच पहिल्या पंथाची लबाडी आहे. ते मोठ्या तोंडाची किंमत सांगत नाहीत, मोठ्या तोंडाच्या झूमची सांगतात. झूमचा हट्ट सोडला की हिशोब एकदम खाली येतो. निकॉनची ३५ मिलिमीटर एफ १.८ ही लेन्स छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठी २००९ पासून आहे. कॅननची ५० मिलिमीटर एफ १.८ तर १९८७ पासून रूपे बदलत चालू आहे. नवी घेतली तरी ही मंडळी दहा-पंधरा हजारांच्या घरातली. शिवाय निकॉन आणि कॅनन दोघांनीही आपले लक्ष मिररलेसकडे वळवल्यापासून हौशी लोक जुन्या लेन्स विकायला काढतात. मी माझी ३५ ची सेकंडहँड घेतली, साडेसहा हजारांना. जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा रावेरला जाणे झाले तेव्हा तीच मागाची खोली, तीच ट्यूबलाइट. एफ ४.५ वरून एफ १.८ वर आले की उजेड सव्वासहा पट. १/१५ चे शटर १/९० च्या पुढे गेले. बोटे आली. बोटांवरच्या चिरासुद्धा आल्या.

घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते, तेव्हा जुनी 'एएफ' नको, 'एएफ-एस' लेन्स बघून घ्या, नाहीतर फोकस हातानेच करत बसाल. आणि छोट्या सेन्सरवर ५० ची लेन्स खोलीत फार जवळची पडते, घरातल्या फोटोंना ३५ बरी. सेकंडहँड घेताना मागून टॉर्च मारून काचेत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. आपल्या गोव्याच्या पावसाळ्यात ती कशी वाढते हे चपलांवरूनही सर्वांना ठाऊक आहे! घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, एवढ्यात भागते.

आता एवढा त्रागा मी का करतो आहे? लेन्सवरून माणसे भांडली तर भांडोत बापडी, कुणाचे काय जाते?

जाते. माझे गेले आहे. आमच्या गावच्या देवळात गर्भागृहाबाहेरच्या भिंतीवर कावी होती. चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर काव चढवून, ती कोरून काढलेली लाल-पांढरी चित्रे. लहानपणी आरती होईपर्यंत मी त्या भिंतीवरचे हत्ती मोजत असे. २०१७ मध्ये कॅमेरा घेतला तेव्हा मनाशी ठरवले होते की ही सगळी भिंत नीट टिपायची. पण आत काळोख. "किट लेन्सने होणार नाही, वाया जाईल" असे जाणकारांनी सांगितले आणि मी ते मानले. मोठ्या झूमसाठी दरमहा पैसे बाजूला टाकू लागलो. २०१९ मध्ये जीर्णोद्धार निघाला. चवथीला गावी गेलो तेव्हा भिंतीला छातीपर्यंत गुळगुळीत फरशी आणि वर क्रीम कलरचा ऑइल पेंट होता.

हमामखान्याच्या जमिनीवर कॅमेरा सहा सेकंद उताणा पडला होता, तेव्हा मला ती भिंत आठवली. भिंत हलत नव्हती हो! दोनशे-अडीचशे रुपयांची तांदळाची पिशवी खांबाला टेकवून तिच्यावर कॅमेरा ठेवला असता, तर सगळे हत्ती आले असते. माझ्या हातात जे होते ते पुरेसे होते, आणि ते पुरेसे नाही असे मला पटवून देण्यात आले होते. पटवणाऱ्यांचे काही गेले नाही. चूक अर्थात माझीही आहे. मी विचारले ते लेन्सबद्दल, भिंतीबद्दल विचारलेच नाही.

म्हणून विनंती आहे. तुमच्या गावच्या देवळात कावी शिल्लक असेल, आजोळच्या घराचे कोरीव खांब असतील, तांबडी सुर्लाच्या मंडपातले काळ्या दगडाचे छत तुम्हाला खुणावत असेल, तर आहे त्या लेन्सने, आहे त्या मोबाइलने, या रविवारी जाऊन काढा. ती हलणार नाहीत, पण राहणारही नाहीत. आणि दिवजोत्सवातल्या बायकांच्या हातातली दिवजां, धालोचा फेर, तव्यावर भाकरी टाकणारी आतये हवी असेल, तर एक झूम नसलेली, एफ १.८ ची छोटीशी लेन्स घ्या. तिच्याआड येणाऱ्या लाखाच्या लेन्सला खुशाल नाही म्हणा.

आणि मंडळात कुणी "लेन्स कुठली?" म्हणून विचारलेच, तर त्यांना उलट विचारा, "भिंत कुठली?"