कॅमेरा कोणाच्या हाती?

सिनेमा पाहून आलो की आपल्या घरांत चर्चा होते ती हिरो-हिरॉइनची, गाण्यांची आणि मारामारीची. सिनेमा कोणी काढला, पैसा कोणाचा होता आणि आपल्यासारखी माणसे त्यात कोठे उभी होती, हे मात्र आपण सहसा विचारीत नाही. हा प्रश्न विचारायला शिकवणारी एक हकीकत इंग्लंडच्या स्टुडिओंच्या इतिहासात आहे. ती पॉल रोबसन या काळ्या कलावंताची.

रोबसनचा जन्म 1898 सालचा, अमेरिकेतला. वडील जन्माने गुलाम. कोवळ्या वयात मालकाच्या मळ्यातून पळून सुटले, शिकले आणि धर्मोपदेशक झाले. मुलगाही शिकला. बाबासाहेब 1913 ते 1916 या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात होते, तेथूनच 1923 साली त्याने कायद्याची पदवी घेतली. न्यूयॉर्कला वकिलांच्या कचेरीत नोकरीही लागली. पण तेथल्या गोऱ्या स्टेनोने काळ्या माणसाने सांगितलेला मजकूर लिहून घ्यायला साफ नकार दिला. पदवी हातात, तरी कातडीचा रंग आडवा! आमच्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. रोबसनने वकिली सोडली आणि आपल्या खर्जातल्या आवाजाच्या बळावर रंगभूमी गाठली. 1928 साली लंडनच्या रंगमंचावर तो गाजला आणि पुढे बरीच वर्षे तेथेच राहिला.

त्या सुमारास अमेरिकन चित्रपटांनी इंग्लंडची थिएटरे व्यापून टाकली होती. म्हणून तेथील सरकारने 1927 साली कायदा करून ठरावीक प्रमाणात ब्रिटिश चित्रपट दाखवण्याची सक्ती केली. त्यामुळे लंडनच्या आसपासच्या स्टुडिओंना काम मिळाले. हंगेरीहून आलेला अलेक्झांडर कोर्डा हा तेव्हाचा बडा निर्माता. त्याने ‘सँडर्स ऑफ द रिव्हर’ या चित्रपटात रोबसनला आफ्रिकी सरदाराची भूमिका दिली. आफ्रिकेतील माणसांचे जीवन सन्मानाने पडद्यावर येईल, या आशेने रोबसनने ती घेतली. निर्मात्यांनी आफ्रिकेतून खरी दृश्ये टिपून आणली आणि शेपर्टनच्या स्टुडिओत आफ्रिकी खेडे उभे केले. त्या खेड्यातल्या गर्दीत जोमो केन्याटा नावाचा एक विद्यार्थी एक्स्ट्रा म्हणून उभा होता. पुढे 1963 साली स्वतंत्र केनियाचा पहिला पंतप्रधान झाला तो हाच!

चित्रपट 1935 साली पडद्यावर आला. गोरा अधिकारी न्यायी, शहाणा आणि काळी प्रजा जणू त्याची अजाण लेकरे, असे चित्र त्यात उभे राहिले. रोबसनचा सरदार त्या साहेबाचा इमानी सेवक ठरला. सिनेमा तुकड्या-तुकड्यांनी घेतला जातो. नट आपला तुकडा करून घरी जातो. पुढे कोणता तुकडा ठेवायचा, कोणता गाळायचा, कशापुढे काय जोडायचे, हे दुसरेच ठरवतात. चेहरा आणि आवाज रोबसनचा, पण गोष्ट साम्राज्याची झाली. हा चित्रपट आपला मानायला त्याने पुढे जाहीरपणे नकार दिला.

पण तो रडत बसला नाही. 1936 च्या ‘साँग ऑफ फ्रीडम’ या चित्रपटात लंडनच्या गोदीतील काळ्या मजुराची भूमिका करताना, अखेरची प्रत आपल्या संमतीनेच निघेल, असे कलम त्याने करारात घालून घेतले. कायदा शिकलेला माणूस तो! त्या काळात काळ्या नटाने अशी अट घालणे ही मोठी गोष्ट होती.

त्याची सर्वांत आवडती भूमिका मात्र ईलिंग स्टुडिओच्या ‘द प्राउड व्हॅली’ या चित्रपटातली. वेल्सच्या खाणकामगारांशी त्याचे नाते जुने. बेकारीने गांजलेले कामगार लंडनच्या रस्त्यावरून गात चालले असताना तो त्यांच्यात जाऊन मिसळला होता. चित्रपटात तो बेकार खलाशी आहे. वेल्सच्या खाणवस्तीत तो येतो आणि आवाजामुळे कामगारांच्या गायनमंडळात त्याला जागा मिळते. खाणीत काळा माणूस नको, अशी कुरकुर निघते, तेव्हा खाली उतरल्यावर आपण सगळेच काळे होतो, असे सांगून एक जुना कामगार ती मोडून काढतो. मालकांना न जुमानता कामगार स्वतःच बंद खाण चालू करतात, असा शेवट आधी ठरला होता. पण 1939 साली चित्रीकरण चालू असतानाच महायुद्ध पेटले आणि तो बदलला. आता देशाला कोळसा हवा म्हणून मालकच परवानगी देतात. इतरांना वाचवताना मरतो तो मात्र काळा माणूसच! आम्हाला हे खटकते. तरीही गोऱ्या मजुरांच्या खांद्याला खांदा लावून बरोबरीने उभा असलेला काळा मजूर त्या काळच्या पडद्यावर आला, हे थोडे नव्हे.

वेल्सच्या कामगारांनीही ही मैत्री जपली. रोबसनच्या विचारांमुळे अमेरिकन सरकारने 1950 साली त्याचा पासपोर्ट हिरावून घेतला. तेव्हा 1957 साली वेल्समधील पोर्थकॉल येथे खाणकामगारांच्या मेळाव्यात तो न्यूयॉर्कहून टेलिफोनवरून गायिला आणि हजारोंनी ऐकले. पुढच्या वर्षी त्याला पासपोर्ट परत मिळाला.

ही हकीकत परक्यांची म्हणून सोडून देता येत नाही. 1982 साली रिचर्ड अ‍ॅटनबरो यांचा ‘गांधी’ हा चित्रपट आला. दिग्दर्शक इंग्रज, पण आपल्या राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा, म्हणजे जनतेचाही पैसा त्यात होता. त्याला 8 ऑस्कर मिळाले. तीन तासांहून मोठ्या या चित्रपटात गोलमेज परिषदेसाठी गांधीजी लंडनला गेलेले दिसतात. त्याच परिषदेत अस्पृश्यांच्या हक्कांसाठी गांधीजींना तोंडावर जाब विचारणारे बाबासाहेब मात्र त्यात कोठेच नाहीत! जगभरच्या प्रेक्षकांनी तोच इतिहास समजून पाहिला. जब्बार पटेल यांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ येईपर्यंत 2000 साल उजाडले.

रोबसनला पडद्यावर विकृत करून दाखवले गेले, बाबासाहेबांना तर वगळलेच गेले. दोन्हीचे मूळ एकच. जोडणीच्या टेबलाशी आपले कोणी नव्हते. आज आपल्या मुलांच्या हाती मोबाइल आहे, त्यात कॅमेरा आहे. आई-वडिलांनी सिनेमाला नुसती नावे ठेवू नयेत. मुलांबरोबर बसून पाहावा आणि मुलांना विचारावे, यात कष्टकरी माणूस कोठे आहे, तो बोलतो की नुसता मान डोलावतो? आणि एखाद्या मुलीने म्हटले की मला कॅमेरा शिकायचा आहे, संकलन शिकायचे आहे, तर तिला अडवू नये. वकील, डॉक्टर आपल्याला हवेतच, पण आपली गोष्ट जोडणारे हातही हवेत.