पिस्तूल कपाटात म्हातारं होतं

माझ्याकडे सहा पिस्तुलं आहेत. हे सांगितलं की समोरचा माणूस जरा मागं सरकतो आणि हळूच विचारतो, "परवाना?" म्हणून खुलासा आधीच करतो. सहाही एअर पिस्तुलं आहेत, 4.5 मिलिमीटर नळीची, अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा पेलेट हवेच्या जोरावर मारणारी. वीस ज्यूलच्या आतल्या अशा पिस्तुलांना आपल्याकडे शस्त्रपरवाना लागत नाही. तरी ती मी लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवतो, आणि पेलेटचे डबे वेगळ्या कपाटात. नातवंडं घरात आहेत.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी चौतीस वर्षं टूलरूममध्ये काढली. डाय, जिग, गेज. मायक्रोमीटर हातात धरायची सवय एकदा लागली की माणसाला दुसऱ्याची कारागिरीही हातानेच वाचता येते. पिस्तुलाकडे मी ओढला गेलो तो या वाटेने. 1987 मध्ये एका कामासाठी मुंबईला गेलो असताना वरळीच्या रेंजवर एका वयस्क नेमबाजाने मला स्वतःचं हॅमर्ली 208 दाखवलं. स्वित्झर्लंडमध्ये लेन्झबर्गला बनलेलं, .22 काडतुसांचं, 25 मीटरच्या स्पर्धेचं पिस्तूल. त्यांनी आधी ते रिकामं असल्याची खात्री केली आणि रिकाम्याच पिस्तुलाचा ट्रिगर मला ओढायला लावला. पहिला टप्पा मऊ येतो, मग बोट एका भिंतीला टेकतं, आणि भिंत न घसरता, न खरखरता एकदम नाहीशी होते. पोलादाच्या दोन कडा एकमेकींवरून अशा सुटू शकतात हे तोवर मला कुणी दाखवलं नव्हतं. परतीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये रात्रभर मी त्या दोन कडांचाच विचार करत होतो.

तसलं पिस्तूल विकत घेणं माझ्यासारख्याला शक्य नव्हतं. ते परवान्याचं शस्त्र, आणि आयातीची वाट नामांकित नेमबाजांपुरतीच उघडी. मी एअर पिस्तुलाकडे वळलो. 1994 मध्ये पुण्यातल्या एका निवृत्त नेमबाजाकडून जर्मन फाइनवर्कबाऊ 65 घेतलं. तिथून हे सहाचं कुटुंब सुरू झालं.

या 65 बद्दल थोडं थांबून सांगतो, कारण लोकांना महागडं पिस्तूल म्हटलं की नक्षी, निकेल आणि चकाकी आठवते. स्प्रिंगवर चालणाऱ्या पिस्तुलात मोठी अडचण अशी, की ट्रिगर सुटल्यावर आतला जड पिस्टन पुढं धावतो आणि पेलेट नळीतून बाहेर पडायच्या आधीच हात हलवून टाकतो. ओबर्नडॉर्फच्या त्या कारखान्याने 1965 मध्ये यावर तोड काढली. नळी आणि सिलिंडर मिळून सगळा वरचा भाग त्यांनी छोट्या रुळांवर बसवला. पिस्टन पुढं जातो तसा हा भाग काही मिलिमीटर मागं सरकतो, आणि मूठ हातात जागच्या जागी राहते. हाताला धक्का जाणवतच नाही. साठ वर्षांपूर्वीची ही युक्ती आजही माझ्या घरात चालते. मी विकत घेतलं तेव्हा आतल्या सीलचा भुगा झाला होता. नवं सील लेथवर स्वतः वळवलं. तीन वेळा चुकलं, चौथं बसलं.

पुढं हवेचे सिलिंडर आले. दोनशे बारपर्यंत भरायचे, पुढच्या बाजूला लावायचे. ऑस्ट्रियाच्या स्टायर एलपी 10 मध्ये हवेबरोबर एक छोटं वजन उलट दिशेला ढकलून उरलासुरला धक्का मारला जातो. स्विस मोरिनीत ट्रिगरच इलेक्ट्रॉनिक. बोट फक्त स्विच दाबतं, पोलादी कडांचा प्रश्नच मिटला. (मला स्वतःला त्या कडाच आवडतात, पण गुण जास्त कशाने येतात हे नेमबाजाने ठरवायचं.) अशी पिस्तुलं आज आपल्याकडे दीड-दोन लाखांच्या घरात पडतात. शेतकऱ्याच्या किंवा कॉन्स्टेबलच्या घरात एवढी रक्कम बाजूला निघते ती कर्ज काढून किंवा दागिना मोडून.

मला बोलायचं आहे ते या रकमेनंतर काय होतं त्याबद्दल.

25 जुलै 2021, टोकियो ऑलिंपिक, असाका रेंज. दहा मीटर एअर पिस्तुलात साठ शॉट, वेळ 75 मिनिटं. सोळा शॉटनंतर मनू भाकरच्या पिस्तुलाचा लिव्हर मोडला. दुरुस्ती आणि धावपळीत जवळपास वीस मिनिटं गेली. उरलेले 44 शॉट तिने घाईत मारले, तरी 575 गुण केले. अंतिम फेरीत शेवटचा प्रवेश मिळाला 577 ला. दोन गुण! तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिने त्याच प्रकारात कांस्य जिंकलं. टोकियोच्या त्या सकाळी मी टीव्हीपुढं उभा होतो आणि माझ्या डोक्यात पदक नव्हतं, तो लिव्हर होता. ऑलिंपिकपर्यंत पोहोचलेल्या पिस्तुलाचं असं होऊ शकतं, तर तालुक्याच्या क्लबातल्या पिस्तुलांचं काय होत असेल, हे मला ठाऊक होतं. ते मी रोज बघतो.

चार वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावात क्लबने मला पिस्तुलं बघायला बोलावलं. पाच पिस्तुलं, सगळी युरोपातली, अनुदानातून एका वेळी घेतलेली. तीन वापरण्याजोगी नव्हती. एकाला नळीजवळ हवा गळत होती; आतली ओ-रिंग कडक होऊन चिरली होती. ही रबरी कडी चहाच्या पैशात येते. दुसऱ्याचा ट्रिगर कुणीतरी स्क्रू फिरवून फिरवून इतका हलका केला होता की नियमाचं वजन तो पेलेना. तपासणीला पिस्तूल उभं धरून ट्रिगरला 500 ग्रॅमचं वजन लटकवतात आणि उचलतात. वजन उचललं जायच्या आत ट्रिगर सुटला की ते पिस्तूल स्पर्धेबाहेर. तिसऱ्याच्या सिलिंडरवरची तारीख बघितली आणि मी ते हातातून खाली ठेवलं. या सिलिंडरना उत्पादक दहा वर्षांची मुदत देतात. त्यानंतर ते भरायचे नसतात, उघडायचे तर मुळीच नसतात. मुदत उलटून दोन वर्षं झाली होती, आणि दर आठवड्याला तो भरला जात होता. समोर बारा-तेरा वर्षांची मुलं रांगेत बसली होती.

त्या क्लबच्या लोकांना मी दोष देत नाही. त्यांना खरेदीसाठी पैसे मिळाले होते, देखभालीसाठी एक रुपया नव्हता, आणि जवळपास विचारायला माणूस नव्हता. पिस्तूल परत कंपनीकडे पाठवायचं तर कागदपत्रं, कस्टम, महिनेच्या महिने. तेवढ्यात मुलाचा शालेय स्पर्धांचा हंगाम संपतो, वयोगट बदलतो. चौदा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात सहा महिने म्हणजे काय, हे घरात मूल असलेल्या कुणालाही कळेल.

नेमबाजी आमच्या जिल्ह्याला नवी नाही. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली. राही सरनोबतने 2013 मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात 25 मीटर पिस्तुलाचं सुवर्ण आणलं आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत बरोबरीनंतर पुन्हा पुन्हा शूट-ऑफ खेळून सोनं मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिसहून रायफलचं कांस्य घेऊन आला. मिरवणुका आम्ही मनापासून काढल्या, मीही गुलालात होतो. पण याच शहरात हजारो माणसं फाउंड्रीत आणि लेथवर पोट भरतात, ऑइल इंजिनाच्या काळापासून इथं धातूला आकार देणारे हात आहेत, आणि त्यातल्या एकालाही पिस्तुलाचा ट्रिगर नीट बसवायला कुणी रीतसर शिकवलेलं नाही. मी जे शिकलो ते उघडून, बिघडवून, पुन्हा जोडून. शिकण्याची ही पद्धत चांगली नाही. दाबाच्या भांड्याशी तर ती धोक्याची आहे.

म्हणून माझी मागणी आहे की नेमबाजीच्या साहित्यासाठी सरकार किंवा संघटना जो पैसा देते, त्यातला ठरावीक हिस्सा दर वर्षी सील, स्प्रिंगा, नवे सिलिंडर आणि ते बसवणाऱ्या माणसाच्या पगारासाठी बांधून ठेवावा. पाच पिस्तुलांऐवजी चार घ्या, पण चारही दहा वर्षं चालवा. आणि आर्मररचा, म्हणजे शस्त्रांची निगा-दुरुस्ती करणाऱ्याचा, अभ्यासक्रम आयटीआयमध्ये सुरू करा. फिटरची परीक्षा पास झालेल्या मुलाला वर्षभरात हे काम शिकवता येईल. शिकवायला उत्पादकांची माणसं बोलवा, बालेवाडीला राज्यभरातल्या मुलांची शिबिरं घ्या. रेंज आहे, जागा आहे. मुलगा शिकला तर त्याचं घरही चालेल. आज एखादी स्प्रिंग बदलायला मुलं रात्रीच्या गाडीने दुसऱ्या शहरात जातात.

दुसरी गोष्ट सांगताना जरा संकोच वाटतो, कारण ती माझ्यासारख्याच छंदी लोकांबद्दल आहे. सांगलीकडच्या एका ओळखीच्या गृहस्थांकडे मोरिनी आहे. काचेच्या कपाटात, मखमलीवर, आतून दिवा लावून. घेतल्यापासून दोनशे शॉटसुद्धा मारले नसतील. त्यांचं पिस्तुलावर प्रेम आहे, ते खोटं नाही. डाव्या हाताने ते ज्या जपणुकीने अक्रोडाच्या मुठीवरून फडकं फिरवतात ते मी पाहिलंय. पण असं पिस्तूल न चालवता ठेवलं की सील सुकतात, सिलिंडरची मुदत कपाटातही संपतच राहते. दहा मीटरवरचा दहाचा गोल साडेअकरा मिलिमीटरचा असतो, शर्टाच्या बटणाएवढा. त्या बटणासाठी बनवलेलं यंत्र दिव्याखाली ठेवायचं नसतं. मी त्यांना सांगितलं, वर्षभरासाठी एखाद्या मुलीला द्या, सर्व्हिसिंग मी करून देतो, मूठ तिच्या हाताप्रमाणे दुसरी कोरून देतो, तुमची मूळ मूठ जपून ठेवू. ते अजून विचार करत आहेत. मी दर दिवाळीला आठवण करतो.

आणि ज्यांना पिस्तूल कमरेला लावून वरातीत नाचायला हवं असतं, त्यांच्याशी आमचं काही नातं नाही हेही स्पष्ट करतो. 2019 मध्ये शस्त्र कायदा बदलला, एका माणसाकडच्या परवान्याच्या शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली आणि समारंभात बेफिकीर गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद ठेवली. ते योग्यच झालं. नेमबाजांना त्यातून वेगळी सवलत आहे, आणि ती टिकवायची असेल तर आमची शिस्त आमच्या शस्त्रांच्या निगेतही दिसली पाहिजे.

माझी सहा पिस्तुलं आता घरी सगळी नसतात. दोन मुलांकडे आहेत, लिहून दिलेली, कुलपासकट. एक एलपी 10 आजऱ्याच्या एका मुलीकडे आहे. नववीत आहे. मागच्या रविवारी वडिलांबरोबर एसटीने आली आणि दारातूनच म्हणाली, "काका, ह्याचा आवाज बदललाय." मला काही ऐकू आलं नाही. कानाशी धरून पाच शॉट मारले, तरी नाही. उघडून बघितलं तर व्हॉल्व्हजवळची एक रिंग कडेला केसभर झिजली होती. ती मुलगी रोज साठ शॉट मारते, म्हणून तिला माझ्या आधी कळलं. रिंग बदलली. अंगणात तिने दहा शॉट मारले, दरवेळी मान तिरकी करून ऐकलं आणि शेवटी मान डोलावली. वडील म्हणाले, "मिस्त्री, किती झाले?" मी काही घेतलं नाही. पण निघताना सिलिंडरवरची तारीख दोघांनाही दाखवली. येत्या फेब्रुवारीत दहा वर्षं पुरी होतात. नव्या सिलिंडरसाठी आम्ही उद्यमनगरातल्या चौघांनी वर्गणी काढली आहे, थोडे पैसे अजून कमी पडताहेत.